गुणाची पोर

माझी मुलगी ९ डिसेंबर २०२३ ला झाली. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती ११ जानेवारी. चौतीस आठवडे पूर्ण झाल्यावर पण सदतीस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना 'लेट प्रीटर्म' म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, "थोडी आधी झाली." हा 'थोडी' आम्हाला पुढे दोन वर्षं पुरला.

मी शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तारीख टाकून लिहून ठेवायची खोड आहे, त्यामुळे खालची वजनं आणि खर्च वहीतून उतरवलेत. त्या दिवसांत मला डॉक्टरांचे कागद भरपूर मिळाले, पण घरी नेमकं काय होतं हे कुणी सांगितलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आले होते. माहेर अमळनेर तालुक्यात, अमळनेरपासून नऊ किलोमीटर. ७ डिसेंबरला पाय इतके सुजले की चपला जाईनात. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आई म्हणाली, "उन्हातून आलीस म्हणून." डिसेंबरात कसलं ऊन! अमळनेरला दाखवलं तर बीपी १६०/११०, लघवीत प्रथिनं. दोन दिवस औषधांवर काढले आणि शनिवारी सकाळी सिझेरियन ठरलं. पस्तीस आठवडे दोन दिवस. थांबणं आम्हा दोघींना धोक्याचं होतं, त्यामुळे त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती "बाळ जवळजवळ भरल्यासारखंच आहे, काळजी करू नका" या वाक्याबद्दल.

वजन १,९४० ग्रॅम. रडली, मला दाखवली, छान दिसली. अर्ध्या तासाने श्वास मिनिटाला बहात्तर झाला. नाकपुड्या फुलत होत्या आणि दर श्वासाला कण्हल्यासारखा बारीक आवाज. आईच्या पोटात असताना फुप्फुसांत असणारं पाणी पूर्ण निघालं नव्हतं. वेळेआधीच्या बाळांत हे बरंच होतं, सिझेरियनने आलेल्यांत जास्त. तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नव्हता. दुपारी दीड वाजता ती बाबांबरोबर धुळ्याला निघाली. ॲम्ब्युलन्सचे ३,५००. मी टाके घेऊन अमळनेरलाच.

बाळ काचेत आणि आई चाळीस किलोमीटरवर. मनगटावरच्या पट्टीवर तिचं नाव म्हणून 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. रात्री सिस्टरने पहिलं चिकाचं दूध हाताने काढायला शिकवलं. तासाभरात चार मिली. माझा भाऊ गावच्या डेअरीवर रोज शेकडो लिटर दूध मापतो. त्या रात्री तो सिरिंजमधलं चार मिली दूध बर्फाच्या थर्मासात घालून मोटरसायकलवर धुळ्याला गेला. पहाटे परत आला आणि म्हणाला, "ताई, फॅट चांगली लागली."

दोन दिवस प्राणवायू, मग नळीने दूध, मग वाटी-चमच्याने. १३ तारखेला सुट्टी. बिल ३८,४००. (नंतर कळलं ते आधीच सांगते: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे, आणि जिल्हा पातळीवर त्यासाठी एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास विभाग असतो. त्या दुपारी हे आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. नववा महिना लागायच्या आधीच आपल्या भागात एसएनसीयू कुठे आहे, हे विचारून ठेवा. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये असू द्या.)

१३ ची रात्र म्हणजे नेमकी पाचवी. आईने पाट मांडला, सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं. एवढी माणसं जमली, दिवे, बोलणं, लहान मुलांचा गोंधळ. आमच्या छोट्या बाई काही उठल्या नाहीत. माझी आजी, जिला सगळं गाव मोठी माय म्हणतं, तिने पदराआडून बघितलं आणि म्हणाली, "इतलीशी शे, पन कितली गुननी पोर शे! रडस बी नही."

पुढचे दोन दिवस प्रत्येक आल्यागेल्याने हेच म्हटलं. गुणाची पोर. रात्रभर झोपते. आईला त्रास नाही. आणि मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. टाके दुखत होते, झोप नव्हती, त्यात पोरगी शहाणी निघाली. छातीला लावलं की पाच मिनिटं चोखायची आणि झोपायची. मला वाटायचं, पोट भरलं.

१५ डिसेंबरला आशाताई, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविका, आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळ धुळ्यात असल्याने तिसऱ्या दिवसाची भेट हुकली होती. खोलीत खाटेखाली शेगडी होती, ओव्याची धुरी चालू होती. त्यांनी आधी धुरी बाहेर काढायला लावली. मग दार उघडून बाळाला उजेडात धरलं आणि अंगठ्याने कपाळ दाबलं, छाती दाबली, पोट, मांडी, शेवटी तळपाय. अंगठा उचलला की क्षणभर कातडी पांढरी व्हायला हवी. तळपायावर अंगठ्याच्या जागी हळदीच्या बोटासारखा पिवळा ठसा उमटला.

"ताई, कालपासून लंगोट किती ओले झाले?"

मी आठवू लागले. दोन. कदाचित तीन.

"रडते का दुधासाठी?"

"नाही ना, फार शहाणी आहे," आई कौतुकाने म्हणाली.

आशाताई तिच्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "शहाणी नाही मावशी, ताकद नाही तिच्यात रडायची." काटा लावला: १,७६०. एकशे ऐंशी ग्रॅम उतरलेली. गाडी काढा म्हणाल्या, आत्ता.

धुळ्यात रक्तातलं बिलीरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा पदार्थ, १९.२ निघालं. दुहेरी निळ्या दिव्यांखाली अडीच दिवस, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. बिल १४,२००. यावेळी मी सोबत होते. रात्रपाळीच्या एका सिस्टरने जे समजावलं, ते पहिल्या सुट्टीच्या वेळी सांगितलं असतं तर हा फेरा वाचला असता.

या बाळांची कावीळ उशिरा चढते, पाचव्या-सातव्या दिवशी, म्हणजे बहुतेक घरी गेल्यावर. यकृत कच्चं असतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतीस आठवड्यांना बसू लागतो, पण टिकून प्यायचा दम नंतर येतो. दूध कमी गेलं की शी कमी होते. शी कमी झाली की पिवळेपणाचा पदार्थ आतड्यातून पुन्हा रक्तात जातो. त्याने बाळ आणखी पेंगतं आणि आणखी कमी पितं. हे चक्र बाहेरून बघणाऱ्याला शहाणपणा वाटतं. तोंडावळा दिवस भरलेल्या बाळाचा, तर आतलं सगळं अजून महिनाभर मागे. चौतीस-पस्तिसाव्या आठवड्यात मेंदूचं वजनसुद्धा पूर्ण दिवसांच्या बाळाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असतं.

मग आमचं वेळापत्रक बदललं. रडायची वाट बघायची नाही. दर अडीच तासांनी, रात्रीसुद्धा, गजर लावून उठवायचं. लंगोट बदलायचं, पावलं चोळायची, ओल्या कापडाने कान पुसायचे. कानाला गार लागलं की ती हमखास डोळे उघडायची. पंधरा मिनिटं अंगावर, आणि मग काढलेलं दूध तीस मिली बोंडल्याने. बोंडलं आईनेच माळ्यावरून काढलं, माझ्या वेळचं चांदीचं. रोज उकळायचं. बाटली नकोच म्हणाले होते. हाताने दूध काढून मनगटं गेली, तेव्हा २,८०० चा पंप घेतला. आधीच घ्यायला हवा होता.

वहीत तीन रकाने केले: दूध, सू, शी. चोवीस तासांत सहा-सात लंगोट ओले म्हणजे पोट भरतंय. मोठी मायला वाचता येत नाही, पण ती लंगोट मोजायला बसायची, एकेका लंगोटाला एक तुरीचा दाणा. संध्याकाळी आम्ही वही आणि दाणे ताडून बघायचो. दाणे जास्त विश्वासाचे निघाले.

दुसरी गोष्ट ऊब. खान्देशातली थंडी बाहेरच्यांना ठाऊक नसते, सगळे उन्हाचंच बोलतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आमच्या पत्र्याच्या घरात पाणी हाताला झोंबतं. या बाळांच्या अंगावर चरबी कमी, अंग लगेच गार पडतं. पोट गरम आणि पावलं गार म्हणजे ऊब कमी पडते आहे. पोटही गार म्हणजे लगेच दवाखाना. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये हवं. शेगडी मात्र बंद करायला लावली, बंद खोलीतला धूर कच्च्या फुप्फुसांना वाईट. त्याऐवजी कांगारू. बाळाला टोपी, मोजे, लंगोट एवढंच घालून आपल्या उघड्या छातीवर उभं बांधायचं, वरून शाल. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. आमच्या ओसरीवर माझा नवरा जुन्या लुगड्याने पोर छातीला बांधून बसायचा, तेव्हा गल्लीतली माणसं काहीतरी निमित्त काढून बघायला यायची. पहिले दोन दिवस लाजला. मग फोनवर कापसाचा भाव विचारता विचारता तास न् तास बसू लागला.

बाकी घरच्यांशी वाद झाले ते असे: मोहरीची उशी नको, झोपवायचं पाठीवरच. नाकाकानात तेल नको. घुटी नको, मध नको. प्रत्येक गोष्टीला "तुम्ही सगळे त्यावरच वाढलात" हे उत्तर ठरलेलं. वाद घालण्यापेक्षा मी डॉक्टरांकडून चिठ्ठीच लिहून आणली आणि देवघराशेजारी चिकटवली. कागदाला मान असतो.

डोळ्यांची तपासणी फार थोड्यांना माहीत असते. जन्माचं वजन दोन किलोपेक्षा कमी, किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्म, तर तीस दिवसांच्या आत डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा लागतो. आमची वजनामुळे बसली, साठ ग्रॅमनी. ३ जानेवारीला धुळे. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, चिमट्याने पापण्या उघड्या ठेवतात. ती किंचाळली तेव्हा मी बाहेर पळाले, नवऱ्याने तिचे हात धरले. तपासणीच्या तासभर आधी दूध देऊ नका, उलटी होते. रक्तवाहिन्या अजून कडेपर्यंत पोचल्या नव्हत्या. १७ जानेवारीला परत, तेव्हा पोचलेल्या. दर खेपेला १,०००. कानांची तपासणी आम्ही त्याच दिवशी जोडून घेतली. डाव्या कानाला 'रेफर' आलं. रेफर म्हणजे ऐकू येत नाही असं नाही, पुढची तपासणी करा एवढंच. पण हे मला तीन रात्री रडून झाल्यावर कळलं. बेरा नावाची तपासणी झाली, दोन्ही कान ठीक.

मधल्या काळात, साधारण ११ जानेवारीच्या आसपास, एका रात्री ती आपणहून उठली आणि भोकाड पसरलं. लाल झाली, मुठी आवळल्या, अख्खं घर जागं केलं. मी घाबरून उचलायला गेले तर मोठी माय अंधारातून म्हणाली, "रडू दे व तिले. आते ती घरनी व्हयनी." आता ती घरची झाली.

बोरन्हाण पुढच्या संक्रांतीवर ढकललं.

लसींचा घोळ. २० जानेवारीला दीड महिना झाला. वजन २,६४०. आई म्हणे, "दिवस भरून आठवडाच झालाय, एवढ्याशा मांडीत सुई कशी टोचायची?" मलाही पटलं होतं. पण लस जन्मतारखेवरूनच मोजतात, ठरलेल्या तारखेवरून नाही. उलट अशा बाळांना जंतुसंसर्गाचा धोका जास्त, त्यामुळे पुढे ढकलणं परवडत नाही. वाढ आणि विकास मात्र ठरलेल्या तारखेवरून मोजायचा. म्हणजे एकाच पोरीची दोन वयं. मी वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहिल्या: 'सुई – ९ डिसेंबर. बाकी सगळं – ११ जानेवारी.'

थेंब दोन: ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट, आणि सहाव्या आठवड्यापासून लोह, वजनाप्रमाणे. आईकडून लोह मुख्यतः शेवटच्या महिन्यांत येतं, तेच हुकलेलं असतं. लोहाने शी काळी होते, दचकू नका.

आता कागद. जन्माची नोंद एकवीस दिवसांत. ती दवाखान्यानेच अमळनेर नगरपरिषदेला कळवली होती. आम्ही धुळ्यात चौकशी करत दोन चकरा घातल्या. बाळ कुठेही दाखल असो, नोंद जन्म झाला तिथेच. दाखल्यावर माझं नाव माहेरच्या आडनावाने आलं, कारण माता-बाल कार्डावर तसं होतं. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत आणि तीन हेलपाटे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून सगळीकडे जन्मदाखलाच लागणार आहे, तेव्हा दवाखान्यात नाव लिहिताना आधार समोर ठेवा. बाळाचं नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत शुल्क नाही.

प्रसूती रजा १८० दिवसांची. मी अर्ज १ जानेवारीपासूनचा दिला होता, पोरगी आधीच आली. बदललेला अर्ज, डॉक्टरांचा दाखला, गटशिक्षणाधिकारी कार्यालय. रजा संपली ६ जूनला, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी रजेतच जिरली. पुढे बालसंगोपन रजेतून एक महिना घेतला, त्याचा आदेश मी रुजू झाल्यावर आला.

एप्रिल-मे हा माझा सगळ्यात वाईट काळ, आणि तो दवाखान्यातला नव्हता. शेजारच्या वहिनीची मुलगी माझ्या मुलीपेक्षा चारच दिवसांनी मोठी, पण पूर्ण दिवसांची. ती सातव्या आठवड्यात हसली, माझी अकराव्यात. तिने मान धरली, माझी अजून डुलत होती. पारा ४४-४५ वर, कूलरपुढे दोन्ही पोरी एका गोधडीवर, आणि बायका सहज म्हणून जायच्या, "हिची जरा मागेच आहे का?" मी रात्री उठून तिच्या मुठी उघडून बघायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मूठ सतत घट्ट, अंगठा आत, पाय ताठ, किंवा ठरलेल्या तारखेपासून चार महिने होऊनही मान नाही, तर थांबू नका. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र याचसाठी असतं, आणि तिथे फी नसते. १० मे ला चार महिने पूर्ण व्हायला एक दिवस कमी होता. त्या दुपारी तिला पालथं घातलं, तर तिने मान उचलून कूलरकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मी वहिनींना हाक मारली नाही.

वरचं खाणं डॉक्टरांनी दोन वयांच्या मधे बसवलं, आधार देऊन बसते का आणि चमचा जिभेने बाहेर ढकलते का ते बघून. जूनच्या शेवटी दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, पिठाची पेज, मग कुस्करलेलं केळं. मीठ-साखर वर्षभर नाही. ऑगस्टात सर्दी छातीत उतरली, दोन दिवस दाखल. श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना. दोन महिन्यांपर्यंत साठ आणि पुढे वर्षापर्यंत पन्नास, याच्या वर गेला की निघायचं. ५,६०० लागले. बसली सप्टेंबरात. चालली १७ फेब्रुवारी २०२५ ला, ओसरीवरून अंगणात पडून.

परवा, जानेवारी २०२६ मध्ये, ठरलेल्या तारखेने दोन वर्षं झाली म्हणून धुळ्याला शेवटची तपासणी. ठोकळे रचले, चित्रातला कुत्रा दाखवला, "पप्पा गाडी" म्हणाली. डॉक्टरांनी कागदावर पहिल्यांदाच एकच वय लिहिलं. फी ४००. परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून ती शिरपूरपर्यंत रडली.